पाऊल, बोट आणि शब्द : पहिल्या वाढदिवसानंतरचे सहा महिने

पहिला वाढदिवस थाटात पार पडतो. औक्षण होते, केक कापला जातो, छायाचित्रे निघतात आणि पाहुण्यांच्या गर्दीत एक प्रश्न हमखास विचारला जातो, 'चालायला लागला का?' उत्तर 'नाही' असेल तर लगेच शेजारच्या, नात्यातल्या, दहाव्या महिन्यात चाललेल्या बाळांची उदाहरणे पुढे येतात. दात किती आले, वजन किती झाले, याचीही विचारपूस होते. मात्र 'नावाने हाक मारली की वळून पाहतो का?' किंवा 'हवी ती वस्तू बोट दाखवून मागतो का?' हे प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

वास्तविक, बाळाच्या विकासाचा अंदाज घेण्यासाठी हे न विचारले जाणारे प्रश्नच अधिक महत्त्वाचे असतात. एक वर्ष ते दीड वर्ष हा काळ मोठ्या स्थित्यंतराचा आहे. रांगणारे मूल उभे राहून चालू लागते, हुंकार देणारे मूल शब्द उच्चारू लागते आणि आईच्या कडेवरून जग पाहणारे मूल त्या जगाकडे बोट दाखवू लागते. यातील काही टप्पे उशिरा आले तरी चिंतेचे कारण नसते. काही टप्प्यांच्या बाबतीत मात्र 'वाट पाहू' हा सल्ला महागात पडू शकतो. कोणते टप्पे पहिल्या गटात येतात आणि कोणते दुसऱ्या, हे ओळखता येणे पालकांसाठी महत्त्वाचे आहे.

पाऊल : घाई नको

चालण्याच्या वयाविषयी खात्रीलायक माहिती उपलब्ध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने बालकांच्या वाढीचे निकष ठरवण्यासाठी जो बहुदेशीय अभ्यास केला, त्यात घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतील मुलांच्या हालचालींचीही नोंद ठेवण्यात आली. भारतातील मुले दक्षिण दिल्लीतील होती. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनुसार, निरोगी मुले आधाराशिवाय उभी राहण्याचा काळ ६.९ ते १६.९ महिने, तर आधाराशिवाय चालण्याचा काळ ८.२ ते १७.६ महिने असा आढळला. म्हणजे नवव्या महिन्यात चालणारे मूल आणि सतराव्या महिन्यात चालणारे मूल, दोन्ही पूर्णपणे निरोगी असू शकतात. लवकर चालणारे मूल पुढे अधिक हुशार निघते, या समजुतीलाही आधार नाही.

याच अभ्यासात सुमारे चार टक्के मुले हात व गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. काही मुले बसून सरकतात, काही पोटावर घसरतात, तर काही थेट उभी राहतात. त्यामुळे 'रांगला नाही' एवढ्याच कारणाने काळजी करण्याची गरज नसते.

पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास बहुतेक मुले पलंग, खुर्ची किंवा दिवाणाला धरून उभी राहतात आणि त्याच्या कडेने सरकत चालतात. पंधराव्या महिन्यापर्यंत बहुतेकांची स्वतंत्र पावले पडू लागतात. दीड वर्षाचे मूल न धरता चालते, खुर्चीवर किंवा सोफ्यावर चढते आणि उतरते. सुरुवातीला पाय फाकवून, हात वर धरून चालणे स्वाभाविक असते. पाय किंचित बाकदार दिसणे आणि तळवा सपाट असणे, हेही या वयात नेहमीचे आहे. मात्र पायांचा बाक सतत वाढत असेल, मनगटे जाड वाटत असतील, तर 'ड' जीवनसत्त्वाच्या कमतरतेने होणारा मुडदूस नाही ना, हे डॉक्टरांकडून तपासून घेणे योग्य ठरते.

मूल लवकर चालावे म्हणून बाजारातील गोल वॉकर आणला जातो. पूर्वीच्या घरांतून दिसणारा लाकडी पांगुळगाडा आणि हा वॉकर यांत मोठा फरक आहे. पांगुळगाडा ढकलण्यासाठी मुलाला स्वतःच्या पायांवर उभे राहावे लागते, तोल सांभाळावा लागतो. वॉकरमध्ये मूल आसनावर टेकलेले असते आणि पायांच्या बोटांनी जमीन ढकलत असते. त्यातून तोल सावरण्याचा सराव होत नाही. उलट जिने, मोरीचा उंबरा, गरम भांडी यांच्यापर्यंत मूल क्षणात पोचते. अपघातांमुळे कॅनडाने २००४ मध्ये अशा वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. मोकळी जमीन, अनवाणी पाय आणि धरायला एखादे भक्कम स्टूल, एवढी साधने चालायला शिकण्यासाठी पुरेशी असतात.

चिमूट : हातांची प्रगती

पायांकडे साऱ्या घराचे लक्ष असताना हातांची प्रगती काहीशी दुर्लक्षित राहते. वर्षाच्या सुमारास मूल अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत ताटातले भाताचे शीत उचलू शकते. वाटीत चमचा टाकणे, डब्यातून वस्तू बाहेर काढणे आणि पुन्हा आत टाकणे, हा खेळ त्याला कंटाळा येईपर्यंत चालतो. पंधराव्या महिन्यापर्यंत ते दोन ठोकळे किंवा दोन वाट्या एकावर एक ठेवू लागते आणि बोटांनी स्वतःच्या हाताने खाते. दीड वर्षाचे मूल खडूने रेघोट्या ओढते, झाकण नसलेल्या पेल्याने थोडे सांडत का होईना पाणी पिते आणि चमचा तोंडापर्यंत नेण्याचा प्रयत्न करते.

येथे घरातील माणसांचा संयम महत्त्वाचा ठरतो. सांडासांड नको म्हणून दोन वर्षांचे होईपर्यंत मुलाला भरवत राहिल्यास त्याला हा सराव मिळत नाही. खाली जुने वर्तमानपत्र अंथरून त्याच्यासमोर थोडा वरणभात ठेवणे, हा साधा आणि उपयुक्त मार्ग आहे.

मूल पूर्ण दीड वर्षाचे होण्याआधीच सातत्याने एकच हात वापरत असेल आणि दुसरा हात मुठीत मिटलेला किंवा निष्क्रिय राहत असेल, तर त्याला 'डावखुरा होणार' असे समजून सोडून देऊ नये. उजव्या-डाव्या हाताचे प्राधान्य इतक्या लवकर पक्के होत नाही. न वापरल्या जाणाऱ्या हाताच्या स्नायूंमध्ये किंवा त्यांना आज्ञा देणाऱ्या मेंदूच्या भागात दोष नाही ना, हे पाहावे लागते.

चिमूट साधू लागल्याने एक धोकाही वाढतो. जमिनीवरची प्रत्येक बारीक वस्तू आता तोंडात जाते. संक्रांत ते रथसप्तमी या काळात होणाऱ्या बोरन्हाणात मुलाच्या डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, चुरमुरे, हलवा ओतला जातो. कौतुकाच्या त्या घटकेत मूल काय उचलून तोंडात घालते, याकडे एका मोठ्या माणसाने लक्ष ठेवलेच पाहिजे. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, बोराची बी, अख्खी द्राक्षे श्वासनलिकेत अडकू शकतात.

बोट : सर्वांत दुर्लक्षित टप्पा

गॅलरीत कावळा येऊन बसतो. वर्ष-सव्वा वर्षाचे मूल त्याच्याकडे बोट दाखवते, मग वळून आईच्या चेहऱ्याकडे पाहते आणि पुन्हा कावळ्याकडे. दोन-तीन सेकंदांच्या या घटनेत बरेच काही घडलेले असते. आपण पाहतो ते दुसऱ्यालाही दाखवता येते आणि त्याचे लक्ष आपल्या लक्षाशी जोडता येते, हे मुलाला उमगलेले असते. भाषेची पायाभरणी येथून होते. आई 'काऊ आला' असे म्हणते, तेव्हा तो शब्द नेमका त्या पक्ष्याला चिकटतो, कारण त्या क्षणी दोघांचे लक्ष एकाच ठिकाणी असते.

बोट दाखवण्याचे दोन प्रकार असतात. पहिला मागण्यासाठी : फळीवरच्या बिस्किटाच्या डब्याकडे, पाण्याच्या भांड्याकडे. हा पंधराव्या महिन्यापर्यंत बहुतेक मुलांत दिसतो. दुसरा दाखवण्यासाठी : विमान, मांजर, चंद्र. येथे मुलाला काही हवे नसते, फक्त आनंद वाटून घ्यायचा असतो. दीड वर्षापर्यंत हा दुसरा प्रकारही दिसला पाहिजे.

काही मुले बोट न दाखवता मोठ्या माणसाचे मनगट धरून त्याला फ्रिजपर्यंत ओढत नेतात आणि त्याचा हात दारावर ठेवतात. घरात याला हुशारी म्हटले जाते. मात्र हे करताना मूल चेहऱ्याकडे पाहत नसेल, हाकेला ओ देत नसेल, 'बुवा कुक'सारख्या खेळात रमत नसेल, खेळण्यातल्या गाडीची चाके तासन्‌तास फिरवत बसत असेल, तर स्वमग्नतेच्या शक्यतेचा विचार करून तज्ज्ञांना दाखवणे आवश्यक असते. यातील एखादे लक्षण दिसले म्हणजे निदान झाले, असे नव्हे. तपासणीची वेळ आली, एवढाच त्याचा अर्थ.

टाळ्या वाजवणे, 'टाटा' करणे, 'नको' म्हणून मान हलवणे, उचलून घेण्यासाठी हात पसरणे, हे सारे हावभावही बोलण्याच्या आधीचे बोलणेच आहे. वर्ष पूर्ण होईपर्यंत यातील एकही हावभाव दिसत नसेल तर डॉक्टरांशी बोलावे.

शब्द : आधी समज, मग उच्चार

मूल जेवढे बोलते त्याहून कितीतरी अधिक समजते. 'बाबा कुठे आहेत?' असे विचारताच दाराकडे पाहणे, 'बॉल दे' म्हणत हात पुढे केल्यावर चेंडू देणे, हे पंधराव्या महिन्याच्या आसपास जमते. दीड वर्षाचे मूल हाताची खूण न करताही एक साधी सूचना पाळते. शब्दांच्या बाबतीत, पंधराव्या महिन्यापर्यंत आई-बाबा सोडून एक-दोन शब्द म्हणण्याचा प्रयत्न आणि दीड वर्षापर्यंत किमान तीन शब्द अपेक्षित असतात. उच्चार स्पष्ट असण्याची गरज नाही. कुत्र्याला नेहमी 'भू-भू', जेवणाला नेहमी 'मम्मम्' आणि बाहेर जाण्याला 'भूर' म्हटले जात असेल, तर ते शब्दच होत.

शब्द आले नाहीत तर घरोघरी ठरावीक उत्तरे तयार असतात. 'ह्याचा बाबासुद्धा तीन वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता', 'मुलगे उशिराच बोलतात', 'घरात दोन-तीन भाषा आहेत, गोंधळला असेल', 'जीभ जड आहे'. यांतील प्रत्येक उत्तर धीर देणारे आहे आणि म्हणूनच धोक्याचेही आहे.

मुलींच्या तुलनेत मुलगे सरासरीने किंचित उशिरा बोलतात, हे खरे. पण हा फरक इतका थोडा आहे की, दीड वर्षाच्या मुलाला एकही शब्द येत नसल्याचे कारण म्हणून तो पुरत नाही. आजी मराठीत, सांभाळणाऱ्या ताई हिंदीत आणि आईवडील अधूनमधून इंग्रजीत बोलतात, असे वातावरण मुंबई-पुण्यातील असंख्य घरांत असते. अनेक भाषा कानावर पडल्याने वाणीचा विकास खुंटत नाही. अशा मुलाचे शब्द मोजताना सर्व भाषांतील शब्द एकत्र धरायचे असतात. जिभेखालचा पडदा आखूड असल्यास काही उच्चारांना अडचण येऊ शकते, पण मूल शब्दच उच्चारत नाही याचे कारण तो पडदा नसतो. जिभेला वेखंड उगाळून लावण्याच्या घरगुती उपायानेही कारणाचा शोध लागत नाही, केवळ वेळ जातो.

उशिरा बोलणाऱ्या प्रत्येक मुलाची पहिली तपासणी कानाची असली पाहिजे. ताटली वाजवल्यावर मूल दचकते, म्हणून ते ऐकते, हा निष्कर्ष चुकीचा ठरू शकतो. अंशतः बहिरेपणात मोठे आवाज ऐकू येतात, पण 'स', 'फ', 'त' यांसारखे हलके ध्वनी निसटतात. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानात पडद्यामागे द्रव साचूनही ऐकणे मंदावते. बेरा चाचणीत झोपलेल्या मुलाच्या डोक्यावर छोटे संवेदक चिकटवून, आवाजाला श्रवणमार्गाकडून मिळणारा प्रतिसाद मोजला जातो. या चाचणीत वेदना होत नाहीत. श्रवणदोषाबाबत तज्ज्ञांनी घालून दिलेला दंडक कडक आहे : पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचारांना सुरुवात. भारतात प्रत्येक नवजात बाळाची श्रवणतपासणी अजून होत नाही. त्यामुळे अनेक पालकांच्या ध्यानात हा दोष येतो तो मूल बोलत नाही म्हणून. तोपर्यंत ते दोन-अडीच वर्षांचे झालेले असते.

हट्ट आणि भीती

आतापर्यंत कोणाच्याही कडेवर जाणारे बाळ आई दाराआड जाताच आक्रोश करू लागते, अनोळखी पाहुण्याला पाहून तोंड लपवते. 'लाडावलाय' म्हणून त्याला रागावू नये. साधारण दहाव्या ते अठराव्या महिन्यांत ही विरहाची भीती सर्वाधिक असते. दृष्टीआड गेलेली आई कुठेतरी अस्तित्वात आहे, हे मुलाला कळते, पण ती केव्हा परतेल हे कळत नाही. पाळणाघरात सोडताना गुपचूप निघून जाण्यापेक्षा 'येते हं' असे सांगून निरोप घेणे आणि ठरल्या वेळी परत येणे, यातून विश्वास रुजतो. थोडे दूर जाऊन आई जागेवर आहे ना हे वळून पाहणारे मूल भित्रे नसते. आई जवळ आहे याची खात्री पटत असल्यामुळेच ते दूर जायला धजते.

नकाराला रडणे, जमिनीवर लोळणे यांनाही याच काळात सुरुवात होते. मुलाला हवे ते कळते, पण सांगण्यासाठी शब्द पुरत नाहीत. मारणे किंवा लगेच मोबाईल हातात देणे, हे दोन्ही उपाय टाळावेत.

भूक कमी का होते?

एक वर्षानंतरची घरोघरची तक्रार म्हणजे 'काही खातच नाही'. यामागे साधे गणित आहे. पहिल्या वर्षात बाळाचे वजन जन्मवजनाच्या सुमारे तिप्पट होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार वर्षाच्या मुलाचे मध्यम वजन ९.६ किलो, तर मुलीचे ८.९ किलो असते. दुसऱ्या वर्षात मात्र अवघे दोन ते अडीच किलो वजन वाढते. वाढीचा वेग मंदावल्याने भूकही कमी होते. टाळू साधारण दीड वर्षापर्यंत भरते आणि दातांच्या वेळापत्रकात बराच फरक असतो. दीड वर्षापर्यंत एकही दात आला नसेल तर दंतवैद्यांना दाखवावे.

खात नाही म्हणून दुधाच्या बाटल्या वाढवणे ही या काळातील मोठी चूक असते. गायी-म्हशीच्या दुधात लोह अत्यल्प असते आणि दुधाने पोट भरल्यावर मूल जेवत नाही. दिवसाला अर्ध्या लिटरहून अधिक दूध देऊ नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयोगटातील ६८.९ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. लोहाच्या कमतरतेचा संबंध केवळ थकव्याशी नाही. वाढत्या मेंदूलाही लोह लागते. डाळी, नाचणी, हिरव्या पालेभाज्या, अंडे, मांसाहारी घरांत खिमा व मासे, जोडीला लिंबू आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाचे औषध, याकडे म्हणूनच विकासाचा भाग म्हणून पाहावे लागते.

पडद्यासमोरचे जेवण

भरवताना समोर मोबाईल धरण्याची सवय शहरी घरांत सर्रास दिसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत एक वर्षाच्या मुलांसाठी पडदा नकोच, असे म्हटले आहे. एक ते दोन वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान तीन तास हालचाल करावी, दुपारच्या झोपेसह ११ ते १४ तास झोपावे आणि एका वेळी तासाहून अधिक काळ बाबागाडीत वा खुर्चीत बांधून राहू नये, अशीही शिफारस आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही दोन वर्षांखालील मुलांना पडदा टाळावा, असाच सल्ला दिला असून दूरच्या नातलगांशी होणाऱ्या व्हिडिओ संभाषणाचा तेवढा अपवाद केला आहे.

पडद्यावरचे गाणे मुलाच्या उत्तराची वाट पाहत नाही. मूल 'ऊं' म्हणते तेव्हा 'काय हवंय? पाणी हवंय?' असे विचारणारे माणूस त्याला भाषा शिकवते. घडी घालताना 'हा बाबांचा सदरा', भाजी निवडताना 'हा लाल टोमॅटो' असे बोलत राहणे, बडबडगीते म्हणणे, चित्रांचे पुस्तक मांडीवर घेऊन पाहणे, यांसाठी वेगळा वेळही काढावा लागत नाही.

मोजपट्टी कशासाठी?

विकासाचे टप्पे मोजण्याची भारतीय परंपरा जुनी आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. प्रमिला फाटक यांनी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ नॅन्सी बेली यांच्या मापिकेवर आधारित भारतीय निकष तयार केले. 'डासी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चाचणीत जन्मापासून अडीच वर्षांपर्यंतच्या ६७ शारीरिक आणि १६३ मानसिक कृतींचा समावेश असून, तिची सुधारित आवृत्ती १९९७ मध्ये पुण्यातून निघाली. तिरुअनंतपुरमच्या बालविकास केंद्राने याच निकषांतून १७ कृती निवडून एक पानी तक्ता तयार केला. मुलाच्या वयाच्या रेषेवर पेन्सिल उभी धरायची. पेन्सिलीच्या पूर्णपणे डावीकडे असलेली एखादी कृती जमत नसेल तर पुढील तपासणी करायची, इतकी ती पद्धत सोपी आहे.

अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्रांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्या याद्या बदलल्या. पूर्वी निम्म्या मुलांना जमणाऱ्या कृती यादीत असत. साहजिकच उरलेली निम्मी मुले 'मागे' दिसत आणि 'थांबून पाहू' असे सांगितले जाई. आता किमान ७५ टक्के मुलांना जमणाऱ्या कृतीच यादीत ठेवल्या आहेत आणि पंधराव्या महिन्यासाठी स्वतंत्र यादी तयार केली आहे. रांगण्याचा टप्पा वगळण्यात आला. यादीतील कृती जमत नसेल तर थांबू नये, डॉक्टरांशी बोलावे, हा या बदलाचा हेतू आहे.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी एक हिशेब लक्षात ठेवावा लागतो. दोन महिने आधी जन्मलेले मूल चौदा महिन्यांचे झाले तरी त्याची प्रगती बारा महिन्यांच्या निकषांनी पाहायची असते. दोन वर्षांपर्यंत असे दुरुस्त वय धरले जाते. मात्र अशा मुलांना धोका अधिक असल्याने त्यांची तपासणी नियमित होणेही तितकेच आवश्यक असते.

कोठे जावे?

पहिली पायरी नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांची. सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान त्रिगुणी लसीची पहिली वर्धक मात्रा आणि गोवर-रुबेलाची दुसरी मात्रा द्यायची असते. या भेटीत केवळ टोचून परत न येता विकासाविषयी विचारावे. सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या माता व बाल संरक्षण कार्डातही विकासाचे टप्पे छापलेले असतात. लसीच्या तारखांपलीकडची ती पाने उलटून पाहावीत. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी 'एम-चॅट' ही २० प्रश्नांची प्रश्नावली स्वमग्नतेच्या प्राथमिक चाचपणीसाठी वापरली जाते.

शासनाचा राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झाला. त्याअंतर्गत अंगणवाड्यांतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी होते आणि गरज असल्यास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात मोफत उपचारांसाठी पाठवले जाते. श्रवण व वाणीदोषांसाठी मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था कार्यरत आहे. विकासात्मक अडचणी असलेल्या मुलांसाठी मुंबईत २००१ पासून 'उम्मीद' हे केंद्र काम करत आहे.

उपचार सुरू करण्यासाठी पक्क्या निदानाची वाट पाहावी लागत नाही, हेही पालकांनी ध्यानात ठेवावे. वाणी, हालचाल किंवा संवाद यांतील अडचणीवर त्या त्या थेरपीने काम सुरू करता येते. पहिल्या काही वर्षांत मेंदूची घडण वेगाने होत असल्याने या काळातील प्रयत्नांचे फळ अधिक मिळते. तपासणीअंती काही दोष निघाला नाही, तर गमावलेले असते ते एका सकाळीचे काम. दोष असून वर्षभर थांबले, तर गमावलेले वर्ष परत मिळत नाही.

चौकट : ही लक्षणे दिसल्यास थांबू नये

• वर्ष पूर्ण झाले तरी हाकेला प्रतिसाद नाही; 'बाबा', 'दादा' अशी बडबड नाही.
• वर्ष पूर्ण झाले तरी टाळ्या, 'टाटा', मान हलवणे असा एकही हावभाव नाही.
• पंधराव्या महिन्यापर्यंत काही मागण्यासाठीही बोट दाखवत नाही.
• सोळाव्या महिन्यापर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नाही.
• अठराव्या महिन्यापर्यंत आधाराशिवाय चालत नाही, किंवा कायम चवड्यांवरच चालते.
• दीड वर्षाच्या आत सातत्याने एकाच हाताचा किंवा शरीराच्या एकाच बाजूचा वापर.
• अंग अतिशय ताठ किंवा अतिशय शिथिल वाटणे. एखादा डोळा तिरळा दिसणे.
• आधी येत असलेले शब्द, हसणे, खेळणे किंवा हालचाल बंद पडणे. हे लक्षण कोणत्याही वयात तातडीचे समजावे.

पाहुण्यांच्या प्रश्नांना उत्तर देण्याची जबाबदारी मुलावर नसते. शेजारचे मूल आधी चालले म्हणून आपले मागे पडले, असे होत नाही. मात्र आई किंवा दिवसभर सांभाळणारी आजी 'काहीतरी वेगळे वाटते' असे म्हणत असेल, तर ते बोलणे 'उगाच काळजी करतेस' म्हणून उडवून लावू नये. विकासाच्या कोणत्याही तक्त्याआधी ही शंका घरातील याच माणसांच्या मनात येते. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांची वेळ घेणे, हे तिचे योग्य उत्तर होय.